तीन मिनिटांचा डाव : तरबेज बुद्धिबळपटूंसाठी ऑनलाइन अतिजलद खेळाचा अभ्यास

पुणे : बुद्धिबळात बऱ्यापैकी पुढे गेलेल्या खेळाडूंची एक तक्रार हमखास ऐकू येते. पारंपरिक स्पर्धेत चार-चार तास बसून ते उत्तम डाव खेळतात, फिडेचे रेटिंग दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही वर असते. पण संगणकावर तीन मिनिटांचा डाव सुरू झाला, की प्रगती जणू गोठून जाते. वर्षभरात हजारो डाव होतात, रेटिंगची रेघ मात्र शंभर-दीडशे गुणांच्या पट्ट्यातच वरखाली होत राहते. नवशिक्याला वाढायला भरपूर जागा असते. मुरलेल्या खेळाडूचे दुखणे निराळे असून, त्यावरचा उपाय 'आणखी डाव खेळणे' हा क्वचितच असतो.

पुण्यासारख्या शहरात हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा राहिलेला नाही. २००० मध्ये देशाचा चौथा ग्रँडमास्टर झालेले अभिजित कुंटे, २००९ मध्ये अर्जेंटिनात मुलींची ज्युनिअर जगज्जेती ठरलेली सौम्या स्वामिनाथन, ईशा करवडे, अक्षयराज कोरे, हर्षित राजा आणि २०२३ मध्ये ग्रँडमास्टर झालेला आदित्य सामंत ही सारी नावे याच शहराशी जोडलेली आहेत. २०१४ ची जागतिक ज्युनिअर स्पर्धा पुण्यात झाली, एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या ग्रां प्री मालिकेचा एक टप्पाही येथेच रंगला आणि कोनेरू हम्पीने तो जिंकला. त्या टप्प्यात तिसरी आलेली नागपूरची दिव्या देशमुख तीनच महिन्यांनी बातुमी येथे महिला विश्वचषक विजेती ठरली, आणि तोही निर्णय जलद डावांवर झाला. अंतिम सामन्यात हम्पीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत द्रोणवल्ली हरिकाविरुद्धही दिव्याला टायब्रेकच खेळावा लागला होता. एकही ग्रँडमास्टर नॉर्म खात्यावर नसताना तिला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला तो या विजेतेपदामुळे. जून २०२५ मध्ये लंडनच्या जागतिक सांघिक अतिजलद स्पर्धेत तिने माजी जगज्जेत्या हू यीफानला हरविले होते, हेही येथे नोंदवायला हवे. घड्याळाशी जमवून घेणे ही आता जादाची हौस उरलेली नाही; मोठी पदके, किताब आणि बक्षिसे त्यावर ठरू लागली आहेत.

कोणता डाव, किती सेकंदांचा?

फिडेच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला संपूर्ण डावासाठी दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ असेल, तर तो डाव अतिजलद म्हणजेच ब्लिट्झ ठरतो. प्रत्येक खेळीमागे वाढीव सेकंद मिळत असतील, तर ते साठ खेळ्यांसाठी मोजून मूळ वेळेत मिळविले जातात. जागतिक अतिजलद स्पर्धेत तीन मिनिटे आणि खेळीमागे दोन सेकंद असतात, म्हणजे हिशेबाने पाच मिनिटे. संकेतस्थळांचे वर्गीकरण मात्र वेगळे आहे. दहा मिनिटांचा डाव फिडेच्या लेखी अतिजलद असला, तरी लिचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्ही ठिकाणी तो जलद म्हणजे रॅपिड गटात मोडतो. तीन मिनिटांहून लहान डावांना तेथे बुलेट म्हणतात.

रेटिंगच्या आकड्यांबाबतही असाच गोंधळ आहे. दोन्ही संकेतस्थळे ग्लिको घराण्याची गणनपद्धती वापरतात, फिडे एलोची. शिवाय प्रत्येक ठिकाणचा खेळाडूवर्ग निराळा असतो आणि रेटिंग केवळ त्या वर्गातील परस्पर स्थान दाखविते. एका ठिकाणचे २३०० म्हणजे दुसरीकडचे किती, या चर्चेत क्लबांतील बऱ्याच संध्याकाळी खर्ची पडतात; त्यातून कोणाचा खेळ सुधारल्याचे ऐकिवात नाही.

वाढीव सेकंद आहेत की नाहीत, याने खेळाचा स्वभावच बदलतो. तीन मिनिटांचा निव्वळ डाव चाळीस खेळ्या चालला, तर एका खेळीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात. साठ खेळ्या चालला, तर अवघे तीन. खेळीमागे दोन सेकंद मिळत असतील, तर हेच आकडे अनुक्रमे साडेसहा आणि पाच होतात. फरक दोन सेकंदांचाच दिसतो, पण पहिल्या प्रकारात जिंकलेला अंतिम डाव प्रतिस्पर्धी निव्वळ खेळ्या रेटून घड्याळावर काढून घेऊ शकतो, दुसऱ्यात ते सहसा साधत नाही. ज्याला समोरासमोरच्या स्पर्धांसाठी तयारी करायची आहे, त्याने तीन अधिक दोन किंवा पाच अधिक तीन याच प्रकारांत बहुतांश सराव करणे श्रेयस्कर. एक मिनिटाच्या बुलेटमध्ये बोटांची चपळाई वाढते, विचाराची वाढेलच असे नाही.

घाईत सुचते ते काय?

अतिजलद खेळाने बुद्धी बिघडते, असे मानणारा जुना वर्ग होता आणि आजही आहे. संशोधनाचे म्हणणे थोडे गुंतागुंतीचे आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की निष्णात खेळाडूला पटावर सुटी मोहरी दिसत नाहीत. ओळखीच्या रचनांचे पुंजके दिसतात. काही क्षण दाखविलेली खऱ्या डावातील स्थिती तो जवळजवळ तशीच्या तशी मांडतो, मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली तर मात्र त्याची नवशिक्यावरील आघाडी बरीचशी ओसरते. ब्रूस बर्न्स यांनी २००४ मध्ये अतिजलद स्पर्धांच्या निकालांचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की खेळाडूंच्या कौशल्यातील फरकाचा मोठा हिस्सा अशा झटपट ओळखीतूनच येतो. नंतरच्या अभ्यासांनी त्याला मुरड घातली. शांतपणे केलेली आकडेमोडही वरच्या पातळीवर तितकीच मोलाची ठरते, असे त्यांत दिसून आले.

तरबेज खेळाडूसाठी यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. तीन मिनिटांच्या डावात तो नवे काही शिकत नाही, शिकलेले किती चटकन आठवते त्याची परीक्षा देतो. म्हणून सुधारणा डावाच्या बाहेर होते. नील चारनेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही खेळाडूची ताकद सर्वाधिक जुळली ती त्याने एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांशी. स्पर्धांतील डावांचा क्रमांक त्याच्यानंतरचा होता.

उदाहरणे दोन्ही बाजूंची आहेत. विश्वनाथन आनंद पोरवयापासून विजेच्या वेगाने खेळत आला आणि २००३ तसेच २०१७ मध्ये जलद प्रकारातील जगज्जेता ठरला. केरळचा निहाल सरीन ऑनलाइन अतिजलद खेळातून जगभर ओळखला गेला. चेस डॉट कॉमची ज्युनिअर स्पीड चेस स्पर्धा त्याने २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ जिंकली. नागपूरचा रौनक साधवानी २०२३ मध्ये जलद प्रकारातील ज्युनिअर जगज्जेता झाला. उलट डी. गुकेश २०२४ मध्ये अठराव्या वर्षी पारंपरिक प्रकारात जगज्जेता झाला, तेव्हा अतिजलद प्रकारात त्याचे स्थान बरेच खाली होते. दोन्ही वाटा शिखरापर्यंत जातात, हे पालकांनी लक्षात घेतलेले बरे.

सेकंदांचा जमाखर्च

पारंपरिक खेळात मुरलेल्या खेळाडूचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सर्वोत्तम खेळी शोधण्याची सवय. दोन खेळ्या साधारण सारख्याच असतात. स्टॉकफिशच्या मोजमापात त्यांच्यात पाव प्याद्याचाही फरक नसतो. त्यांतली एक निवडण्यासाठी तो वीस सेकंद घालवितो आणि हेच वीस सेकंद पुढे हत्तीच्या अंतिम डावात कमी पडतात. अतिजलद डावात बरी खेळी वेळेवर खेळणे हीच उत्तम खेळी असते.

दोन्ही संकेतस्थळांवर डाव संपल्यानंतर प्रत्येक खेळीला लागलेला वेळ पाहता येतो. गमावलेल्या वीस डावांची ही नोंद समोर ठेवून बसले, तर बहुतेकांना धक्का बसतो. वेळ अवघड स्थितीत गेलेला नसतोच. तो जातो सातव्या-आठव्या खेळीला, ओळखीच्या ओपनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याने किंचित अनोळखी खेळी केल्यावर. आणि तो जातो मोठी चूक झाल्याच्या पुढच्या खेळीला, मन सावरण्यात. पहिल्यावर उपाय अभ्यासाचा आहे, दुसऱ्यावर स्वभावाचा. तीन मिनिटांच्या निव्वळ डावासाठी ढोबळ मानाने असे अंदाजपत्रक ठेवता येईल : पहिल्या दहा खेळ्या पंधरा सेकंदांत, पंचविसाव्या खेळीला हाताशी सव्वा मिनिट, आणि संपूर्ण डावात दीर्घ विचाराचे फार तर दोन प्रसंग. दीर्घ म्हणजे पंधरा-वीस सेकंद. हा विचार कोठे करायचा? वजिरांची अदलाबदल, प्याद्यांची रचना कायमची बदलणारी मारामारी किंवा बळी देऊन केलेला हल्ला, म्हणजे जेथून माघारी येता येत नाही तेथे.

ओपनिंगच्या बाबतीत व्याप्ती कमी आणि खोली जास्त हे सूत्र उपयोगी पडते. लंडन पद्धत किंवा कारो-कान बचाव अतिजलद खेळात लोकप्रिय आहेत, ते त्यांत काही जादू आहे म्हणून नव्हे. प्रतिस्पर्धी काहीही खेळला तरी प्याद्यांची रचना तीन-चार ठरावीक साच्यांतच येते आणि योजना आधीच ठाऊक असते. सापळ्यांच्या ओपनिंगचे आकर्षण मोठे असते, त्यावर शंभर गुण पटकन मिळतातही, पण तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याला सापळा दुसऱ्यांदा लागू पडत नाही.

कोडी सोडविण्याचा सराव दोन वेगळ्या प्रकारे करावा लागतो. लिचेसवरील पझल स्टॉर्म किंवा चेस डॉट कॉमवरील पझल रश यांत तीन मिनिटांत जास्तीत जास्त सोपी कोडी सोडवायची असतात. घोड्याचा दुहेरी हल्ला, शेवटच्या पट्टीवरील मात, खिळलेले मोहरे ही ओळख त्यातून हातात बसते. ताकदवान खेळाडूंना ही कोडी पोरकट वाटतात, आणि अतिजलद डावांत हरतात ते नेमके अशाच पोरकट चुकांवर. अॅक्सेल स्मिथ आणि हान्स टिकानेन यांनी प्रचारात आणलेली 'वुडपेकर' पद्धतही याच जातीची आहे : कोड्यांचा एकच संच पुन:पुन्हा, दर फेरीला कमी वेळात सोडवायचा. दुसरा प्रकार मात्र घड्याळ बाजूला ठेवून करायचा. एका अवघड स्थितीवर पंधरा मिनिटे, पट न हलविता. हा दुसरा प्रकार बहुतेक जण गाळतात.

अंतिम डावाबाबत तर सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुस्तकात पाठ असलेली लुसेना किंवा फिलिडोरची स्थिती दहा सेकंदांत बोटांना आठवावी लागते. या स्थिती संगणकासमोर मांडून, स्वत:ला तीस सेकंद देऊन, दोन्ही बाजूंनी खेळून पाहाव्यात. सातव्या पट्टीवरील प्याद्याविरुद्ध वजीर कधी जिंकतो आणि हत्तीच्या किंवा उंटाच्या प्याद्याविरुद्ध बरोबरी का होते, हे विचार न करता कळले पाहिजे. उंट आणि घोडा मिळून करायची मात ग्रँडमास्टरनाही वाढीव सेकंदांविना वीस सेकंदांत अवघड जाते. म्हणून शहाणा खेळाडू त्या वळणावर येण्याआधीच एखादे प्यादे राखून ठेवतो.

वेळ संपल्यावरचे नियमही ठाऊक हवेत. फिडेच्या नियमानुसार कोणत्याही वैध खेळ्यांनी मात होणे शक्य नसेल तरच वेळ संपलेला डाव बरोबरीत सुटतो. आपल्याकडे हत्ती, समोर केवळ घोडा आणि आपला वेळ संपला, तर फिडेच्या नियमाने आपण हरतो, कारण कोपऱ्यातील राजाला स्वत:च्याच हत्तीची अडचण होऊन घोड्याने मात होण्याची शक्यता कागदोपत्री उरते. चेस डॉट कॉमवर हाच डाव बरोबरी ठरतो. ऑनलाइन सवयीवर विसंबून समोरासमोरच्या स्पर्धेत अर्धा गुण गमावण्याची ही हमखास जागा आहे.

उंदीर, तार आणि वीज

प्रतिस्पर्ध्याची खेळी होण्याआधीच आपली खेळी देऊन ठेवण्याची सोय, म्हणजे प्रीमूव्ह, हा ऑनलाइन खेळाचा खास विशेष. लिचेसवर अशी खेळी घड्याळातून काहीच घेत नाही आणि एका वेळी एकच देता येते. चेस डॉट कॉमवर एकापाठोपाठ अनेक देता येतात, पण प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग खर्ची पडतो. सर्वांत सुरक्षित प्रीमूव्ह म्हणजे मारलेले मोहरे परत मारणे. प्रतिस्पर्ध्याने मारलेच नाही, तर त्या घरात आपलेच मोहरे उभे असल्याने खेळी अवैध ठरून आपोआप रद्द होते. धोक्याचे उदाहरणही प्रसिद्ध आहे. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे घेतले, काळ्याने घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून उंट जी ७ वर नेण्याची खेळी आगाऊ दिली, की पांढरा दुसऱ्याच खेळीला आपला उंट एच ६ वर नेऊन ठेवतो. काळ्याने तो फुकट मारायचा असतो. पण आगाऊ दिलेली खेळी होऊन जाते आणि उंट व त्यापाठोपाठ कोपऱ्यातील हत्तीही धोक्यात येतो.

मोहरे ओढून न्यायचे की दोन टिचक्यांत हलवायचे, बढतीला वजीर आपोआप घ्यायचा की विचारून, हे एकदा ठरवून पुन्हा बदलू नये. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खेळणाऱ्याने आपले रेटिंग माऊसने खेळणाऱ्यांशी ताडून पाहू नये. जोडणी शक्य तेथे वायफायऐवजी तारेची असावी. लिचेसचे सर्व्हर युरोपात आहेत, त्यामुळे भारतातून गेलेली खेळी पोहोचण्यात सेकंदाचा काही अंश जातो. त्याची भरपाई संकेतस्थळ करते, पण मर्यादेतच.

जोडणीचे महत्त्व देशाने ३० ऑगस्ट २०२० रोजी अनुभवले. फिडेच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार असलेल्या भारतीय संघातील निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची जोडणी दुसऱ्या टप्प्यात तुटली आणि दोघेही वेळेवर हरले. त्या दिवशी जगभर इंटरनेट सेवेत बिघाड झाला होता. भारताने दाद मागितल्यावर फिडेने भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते घोषित केले. घरगुती खेळाडूसाठी असा न्यायनिवाडा होत नाही. गुरुवारच्या दुरुस्तीची सवय अंगवळणी पडलेल्या पुणेकरांनी महत्त्वाच्या ऑनलाइन स्पर्धेआधी राउटर इन्व्हर्टरवर आहे ना, एवढे तरी पाहावे.

थांबावे कधी?

रेटिंग बुडते ते बहुधा रात्री अकरानंतर. एक डाव हरला, की तो भरून काढण्यासाठी दुसरा, मग तिसरा. समोरचा संगणकाची मदत घेत असावा, असा संशयही अशाच वेळी बळावतो. संकेतस्थळे फसवणूक करणाऱ्यांची खाती बंद करतात, बक्षिसांच्या स्पर्धांत कॅमेऱ्यांची अट असते; संशय आल्यास तक्रार नोंदवून विषय सोडून द्यावा. प्रतिस्पर्ध्याच्या खेळ्यांची तपासणी करण्यात अर्धा तास घालविणारे स्वत:च्या चुकीकडे दोन मिनिटेही पाहत नाहीत.

बैठकीची मर्यादा आधीच ठरवावी. आठ-दहा डाव, किंवा लागोपाठ तीन पराभव, यांपैकी जे आधी घडेल तेथे थांबावे. त्यानंतर हरलेले डाव प्रथम संगणकाविना पाहावेत. चूक कोठे झाली याचा आपला अंदाज मांडावा आणि मगच इंजिन सुरू करावे. चुका चार रकान्यांत लिहिल्या तरी पुरते : ओपनिंग, डावपेच, अंतिम डाव, घड्याळ. महिनाभरात एक रकाना इतरांपेक्षा लांब झालेला दिसतो. पुढच्या महिन्याचा अभ्यास तोच. बारावीच्या वर्षात किंवा नोकरीच्या धावपळीत रोजचा एकच तास मिळत असेल, तर त्यातील वीस मिनिटे खेळण्यासाठी आणि चाळीस या कामासाठी, हे प्रमाण उलटे करून चालत नाही.

समोरासमोरच्या स्पर्धेआधीचा आठवडा मात्र लाकडी पटावर, खऱ्या घड्याळासह घालविलेला बरा. सपाट पडद्यावर दिसणारा उंटाचा लांब मारा उभ्या मोहऱ्यांत नजरेतून निसटतो. ऑनलाइन डावात अवैध खेळी करताच येत नाही. स्पर्धेत ती केली तर प्रतिस्पर्ध्याला एक मिनिट जादा मिळतो आणि दुसऱ्यांदा झाल्यास डाव जातो. ज्या हाताने मोहरे हलविले त्याच हाताने घड्याळ दाबावे लागते. प्यादे आठव्या पट्टीवर पोहोचले आणि जवळ वजीर नसेल, तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागावा. घाईत उलटा करून ठेवलेला हत्ती नियमानुसार हत्तीच धरला जातो.